कोंबडीचा टवका

दुधी काचेच्या भांड्यांचा नाद आजीला लागला तो चष्म्याच्या दुकानात नोकरीला असताना, आणि निवृत्त झाल्यावर त्या नादाने घरातलं एक अख्खं कपाट गिळलं. पांढऱ्याशुभ्र जुन्या फुलदाण्या, वाट्या, बरण्या. जुन्या बाजारात ती एखादी वस्तू उचलायची, डोळे मिटायची आणि काठावरून बोट फिरवायची. पांढऱ्यावरचा पांढरा टवका डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. दुकानदार तोंड वाकडं करायचे. करोत बापडे!

सगळ्यांत लाडकी होती कोंबडी. खाली टोपलीच्या आकाराचं भांडं आणि त्यावर अंडी उबवत बसलेली कोंबडी, म्हणजे झाकण. दोन्हींच्या मध्ये आजी फ्लॅनेलची गोल चकती ठेवायची. काचेवर काच घासली की टवका उडतो, हे तिने आल्यागेल्याला इतकं ऐकवलं होतं की पाहुणे कपाटाकडे पाठ करून बसायचे.

सुनेची ताकीद मात्र स्पष्ट होती. "आई, तुमचा छंद कपाटात. चिमणीचं खाणं स्टीलच्या वाटीत."

चिमणी म्हणजे नात. बोलायला पुढे, पण खायच्या नावाने शंख. त्या दुपारी सून कामावर गेली होती, मुलगा बाहेरगावी होता आणि चिमणी तोंड घट्ट मिटून बसली होती. शेवटी तिने कपाटाकडे बोट दाखवलं. "कोंबडीतलं खाणार."

आजी विरघळली. तिने दुधात शिजवलेले ओट्स टोपलीत ओतले आणि निवू नयेत म्हणून वर कोंबडी बसवली. दर घासाला कोंबडी उठायची, घास द्यायची, पुन्हा टुणकन बसायची. चिमणी खिदळत खात होती आणि आजीला आपल्याच हुशारीचं कौतुक वाटत होतं. उरलेलं तिने नेहमीसारखं स्वतः खाल्लं. नातीचं उष्टं टाकणं तिच्या जिवावर यायचं.

चिमणी झोपली. आजीने भांडं धुतलं, पुसलं आणि सवयीने काठावरून बोट फिरवलं. बोट अडखळलं.

फ्लॅनेलची चकती कपाटातच राहिली होती.

तिने भिंग आणलं. जुना टवका मळून बोथट झालेला असतो. हा लखलखीत होता, ताजा. तांदळाच्या कणीएवढा तुकडा गेला होता.

पांढऱ्या ओट्समध्ये पांढरी काच! दिसणार कशी?

तिने सिंकची जाळी उचकटली, घासणी पिळून पाहिली, चिमणीचं लाळेरं झटकलं. मग गुडघ्यांवर बसून टॉर्च फरशीला टेकवून धरला. जुन्या दुधी काचेची पातळ कड उजेडात नारिंगी दिसते, हे तिचं आवडतं ज्ञान. फरशीवर काहीच नारिंगी दिसलं नाही. मग तुकडा गेला होता तो पोटातच. कुणाच्या?

मुलं काय काय गिळतात, निघून जातं, असं ती मनाला समजावत होती. सुनेला सांगायचं म्हणजे काय तोंडाने सांगायचं? एवढ्यात चिमणी झोपेत कण्हली आणि गुडघे पोटाशी घेऊन वळली. आजीने सुनेला फोन लावला.

"मी तिला कोंबडीतून भरवलं गं. काठाचा टवका उडालाय, सापडत नाहीये. तू सरळ दवाखान्यात ये. मी तिला घेऊन निघते."

सुनेने सगळं ऐकून घेतलं. मग फोन बंद झाला.

दवाखान्यात सून तिच्याकडे बघतही नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "पोट दुखतंय?" चिमणी म्हणाली, "हो." "कान दुखतोय?" "हो." "कोंबडी दुखतेय?" "हो." एरवी आजी पोट धरून हसली असती. आत्ता ती खुर्चीच्या कडेला बसून एकच मागणं मागत होती: माझ्या पोटात असू दे. उष्टं मी खाल्लंय. माझ्याच वाट्याला आलेलं असू दे.

चिमणीच्या पोटाच्या एक्स-रे फोटोत काहीही नव्हतं. डॉक्टरांनी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. सून चिमणीला कवटाळून रडायला लागली. आजीही रडली, पण लांबूनच. जवळ जायची हिंमत होईना.

जरा वेळाने सुनेने डोळे पुसले. "मग तुकडा गेला कुठे?"

आजीने खाली मान घातली. "उरलेलं मी खाल्लं होतं."

तिचाही फोटो काढला. राखाडी पोटात एक पांढरा ठिपका होता. उजेडात त्याची कड नारिंगी दिसेल का, असं आजीच्या मनात येऊन गेलं. खोड जात नाही. भीती तर कुठल्या कुठे पळाली होती. सापडला! तिथे नाही, इथे सापडला!

"बहुतेक आपोआप पडून जाईल," डॉक्टर म्हणाले. "पण धारदार आहे. दुखलं, उलटी झाली, रक्त दिसलं, तर लगेच यायचं. आज इथेच थांबा."

"थांबते की," आजी मजेत म्हणाली आणि सुनेकडे वळली. आता बोलणी खायची तयारी होती.

सून त्या ठिपक्याकडे बघत होती. दुपारभर आजीच्या काळजात बसलेली भीती आता तिच्या चेहऱ्यावर उतरली होती.

"आई," तिने आजीचा हात घट्ट धरला, "खरं सांगा. दुखत नाहीये ना?"