शुक्रावरचा एक दिवस

“एकशे सतरा दिवस,” मुलगी बाकावरून अर्धवट उठत म्हणाली. “कारण सर, शुक्र उलटा—”

“चूक. दोनशे त्रेचाळीस. पुढचा संघ.”

विज्ञानाच्या मास्तरांनी प्रश्नमंजुषेचं कार्ड उलटं ठेवलं. शुक्रावर एकदा सूर्य उगवला की पुन्हा उगवायला पृथ्वीवरचे किती दिवस लागतात, असा साधा प्रश्न. प्रश्न त्यांनी काढलेला आणि मुलगीही त्यांचीच. लेकीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून आठ दिवस त्यांनी कार्डं कुलपात ठेवली होती. शाळेत तिने ‘सर’ म्हणायचं, हाही त्यांचाच दंडक. इतरांना ते कारण सांगू देत. तिला मात्र त्यांनी तोंडही उघडू दिलं नाही.

तिचा संघ एका प्रश्नाने हरला. पुढच्या फेरीला दुसरी शाळा जाणार होती.

चहाच्या सुट्टीत त्यांनी सहज पुस्तक उघडलं आणि शुक्राचं पान दोनदा वाचलं. दोनशे त्रेचाळीस दिवस शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला लागतात. पण तो उलटा फिरतो आणि त्याच वेळी सूर्याभोवतीही फिरत असतो, म्हणून सूर्य लवकर परत येतो. एकशे सतरा दिवसांत. तीस वर्षं शिकवून त्यांनी प्रश्न एक विचारला होता आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं लिहिलं होतं.

मुलगी जिन्यात बसली होती. मांडीवर वही उघडी होती. ‘११७’ वर तिने इतक्या जोरात काट मारली होती की कागद फाटला होता. खाली सुबक अक्षरात ‘२४३’ लिहिलेलं होतं.

“तुझं बरोबर होतं,” ते म्हणाले.

तिने मान हलवली. “नाही सर. मी चार वेळा गणित केलं, दर वेळी एकशे सतराच येतं. माझंच कुठेतरी चुकतंय. तुम्ही कसे चुकाल?”

तिने चिडायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं. ते तिच्याशेजारी बसणार होते, पण बसले नाहीत.

सभागृहात विजेत्यांचे फोटो चालले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांचं म्हणणं ऐकलं आणि त्यांना बाजूला घेतलं.

“अहो, ढाल देऊन झाली. ही पोरं नाचतायत बघा. आता चूक काढलीत तर काय बोलतील सगळे? लेकीसाठी केलं म्हणतील.”

मास्तरांनी पाहुण्यांच्या रांगेकडे पाहिलं.

“हो बाई,” ते म्हणाले, “लेकीसाठीच.” आणि त्यांनी माईक उचलला.