तांबडा काठ

आमच्या घराण्यात पहिल्या नातवाची गोधडी आजी शिवते. आतलं कापड सगळं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. काठ तेवढा कोऱ्या तांबड्या कापडाचा. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने बरेच नियम शिथिल केले, पण हा नियम सरकारचा नव्हता.

मी भिंगारच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दिवाळीच्या सुटीत पाथर्डीकडे बहिणीकडे, गोजरबाईकडे गेलो, तेव्हा तिने महिनाभर खपून शिवलेली गोधडी अंगणात पसरून दाखवली. तेवढ्यात शेजारच्या कडूबाई आल्या. गोजरबाईची लेक मुक्ता बाळंतपणाला आली होती; तिच्या बाळाला न्हाऊ घालायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी बोट ओलं करून काठावर चोळलं. बोट तांबडं झालं.

“गोजरे, कापड आधी धुतलं न्हाई व्हय?”

“पानी कुठं हाय, मावशी? टँकरच्या दोन घागरी घराला. पिऊ का काठ धुऊ?”

“मंग आता बाळच धुईल.”

खरंच होतं. भिजणं हा गोधडीचा धर्म. आतलं पांढरं धोतर गुलाबी झालं असतं आणि बाळ त्याहून. त्यात आठव्या दिवशी मुक्ताची सासू झुंबरबाई सुनेला अन् नातवाला न्यायला येणार होती. तिच्या थोरल्या सुनेच्या माहेरचं एक ताट वाकडं निघालं, ते त्या सुनेला अकरा वर्षं ऐकावं लागतंय. माझी भाची मुक्ता तर अवघी एकोणीस वर्षांची.

“दादा, तू बी.एस्सी. ना? काय तरी सांग की.”

मी तुरटी सांगितली. तुरटी कापड रंगवण्याआधी लागते, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

“आन् भिजवायला पानी?”

“ते लागेलच.”

“मंग तू च्या घे.”

उपाय कडूबाईंनी काढला. बाळंतिणीच्या घराला तिसरी घागर मिळायची, ती बाळाच्या अंघोळीची. तिच्यात काटकसर केली असती, तर गावाने गोजरबाईच्या तोंडात शेण घातलं असतं. म्हणजे कढत पाणी आणि साबण रोज न्हाणीतून वाहून चालला होता.

गोजरबाईने चारी बाजूंचा काठ उसवला. दुसऱ्या दिवशी कडूबाई बाळ पायांवर घेऊन बसल्या, खाली घमेलं, घमेल्यात काठ. वरून बाळ रडत होतं. बाळाला बघायला आलेल्या केशरबाईंनी लालभडक पाणी पाहिलं आणि दारातच किंचाळल्या.

“अगं बया, पोराला काय लागलं?”

“पोराला काय न्हाई. काठ हाय त्यो.”

चौथ्या दिवशी पाणी गुलाबी झालं. सहाव्या दिवशी ते नुसतंच अंघोळीच्या पाण्याइतकं मळकट होतं. गोजरबाईने माझा पांढरा रुमाल, मला न विचारता, ओल्या काठाभोवती गुंडाळून पिळला. रुमाल पांढराच राहिला. सातवा दिवस काठ परत लावण्यात गेला.

झुंबरबाई आल्या. गोधडी उलटीसुलटी पाहिली. टाकेही मोजले असावेत. मग बाळाला तिच्यावर ठेवलं, आणि बाळाने तत्काळ आपलं मत दिलं, तेही नेमकं काठावर.

झुंबरबाईंनी ओला काठ अंगठ्याने चोळला, अंगठा उजेडात धरला. मग दुसराही अंगठा चोळून पाहिला.

“ह्यो काठ कुनी लावला?”

“म्या,” गोजरबाई म्हणाली.

“लई पक्का हाय, इहीनबाई. एवढं आता कोन बघत न्हाई.”

एस.टी.च्या टपावर सामान चढवताना कंडक्टरने गोधडीकडेही हात केला.

“ट्रंक टाक वर. ही न्हाई,” झुंबरबाई म्हणाल्या आणि गोधडी मांडीवर घेऊन बसल्या.

गाडी गेली. गोजरबाई थांब्यावरच्या दगडावर बसली आणि बराच वेळ नुसती हसत राहिली. काय करावं ते मला कळेना, म्हणून मीही शेजारी बसलो.