टोकाच्या बांधीचा माणूस

धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या अलीकडच्या त्या गावात देवाजीसारखा मिरवणारा बाप दुसरा नव्हता. त्याची दुर्गा तलावाच्या पाणी समितीची अध्यक्ष झाल्यापासून हा गडी पानठेल्यावर पानसुद्धा 'अध्यक्षाचा बाप' म्हणून मागायचा. हसा खुशाल. पण ज्याच्या बापाला गावच्या सभेत तलावाच्या पाळीवर कुणी बसू दिलं नव्हतं, त्यानं नाही मिरवायचं तर कुणी?

यंदा तलाव ऑक्टोबरातच तळाला गेला. धान लोंबीवर आलेलं, शेवटचं एक पाणी हवं होतं. गावाचा नियम असा, की शेवटचं पाणी आधी कालव्याच्या टोकाच्या बांध्यांना, म्हणजे तिथल्या धानाच्या वाफ्यांना. वीस वर्षांपूर्वी देवाजीनंच भांडून तो करून घेतला होता. त्याच्या लोकांची शेतं टोकालाच होती आणि तलावाजवळचे, वरचे लोक तिथवर थेंब पोचू देत नसत.

पाळीवर सभा भरली. दुर्गा उभी राहिली.

"टोकापर्यंत पाणी नेलं तर अर्धं कालवाच पिते. सहा एकर वाचते. वरच सोडलं तर पंधरा. या साली पाणी वर सोडू."

देवाजीनं झटकन मान वर केली. बापाचा नियम लेकीनंच मोडला!

"आयका पुरतं," दुर्गा म्हणाली. "ज्याचं धान वाचलं त्यानं एकरामागं तीन पोते टोकावाल्यायले द्यायचे. वर तीन पोते कमी झाले तर कोणी उपाशी निजत नाही. खाली त्याच पोत्यायवर वर्षाची चूल पेटते."

"म्हणजे तुह्या बापाच्या घरीबी आमचे पोते?" वरचा मोठा शेतकरी नंदलाल म्हणाला.

दुर्गाचा चेहरा उतरला. "माह्या बाबाले वगळा. त्यायले एक दाणा नोको."

लोकांनी वाहवा केली. नंदलालनंही मान डोलावली. तेवढ्यात देवाजी उठला.

"पोरी, चुकली तू."

"काऊन, बाबा?"

"सगळ्यायचं दुःख मोजलं, माहंच काऊन सोडलं? अध्यक्षाचा बाप म्हणून मले दाणाभर जास्त नोको. पण कमीबी नोको. माह्या बापाले या पाळीवर कोणी माणसात धरलं नाही. मले धर. मी एक आहो. पुरा एक."

मग नंदलालच हळू आवाजात म्हणाला, "लिहा. देवाजीभाऊले पहिले लिहा."

"पहिले कायले? टोकाले आहो, टोकाले लिहा."

दुर्गानं पोती मिळणाऱ्यांच्या यादीच्या शेवटी बापाचं नाव लिहिलं. अक्षर ठसठशीत आलं.

सकाळी टोकाकडं जाणारं कालव्याचं तोंड देवाजीनं स्वतः चिखल लावून बंद केलं. हेच तोंड उघडायला त्यानं एकेकाळी मार खाल्ला होता. आपलं धान करपणार याचं त्याला फार वाईट वाटत होतं. तरी घरी जाताना तो ताठ चालत होता.

पानठेलेवाल्यानं नेहमीप्रमाणे चिडवलं, "काय, अध्यक्षाचा बाप, लावू का पान?"

"लाव," तो म्हणाला. "पण आज देवाजीच्या नावानं लाव."