उंदीर कुणाचे?

"आमच्या घरी उंदीर निघाला तं अर्धी मिशी काढून देतो!"

हिरासिंगनं यवतमाळच्या शोरूमच्या काउंटरवर हात आपटून हे सांगितलं, तेव्हा खुर्च्यांवर चहा पीत बसलेले चारदोन गाडीमालक वळून पाहू लागले. मिशी तशी पाहण्यासारखीच होती. पण मिशी पणाला लावायच्या आधी माणसानं घरात विचारून घ्यावं, एवढी अक्कल हिरासिंगला त्या दिवशी नव्हती.

काउंटरपलीकडे अक्षय होता. गाड्या दुरुस्तीला घेणं, गिऱ्हाइकांना समजावणं आणि त्यांची बोलणी खाणं, हे त्याचं काम. त्यानं शांतपणे मोबाइलवरचा फोटो पुढे केला. बोनेटखालच्या वायरींचा जुडगा जागोजागी कुरतडलेला, आतलं तांबं उघडं पडलेलं आणि मध्ये कापसाचा गुबगुबीत बोळा.

"भाऊ, हे उंदराचंच काम आहे. उंदरानं केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. आणि बॅटरीच्या मागं हे पाहा, काहीतरी गूळचट चिकटून आहे."

"चिखल असंन. तांड्याचा रस्ता कच्चा हाये आमच्या," हिरासिंग म्हणाला. "दोन मांजरी पोसतो मी घरी. कंपनीनं वायर हलकी लावली, अन् नाव उंदराचं करून राह्यले तुमी!"

"तुम्ही खर्च भरत असाल तर आज नागपूरहून सामान मागवतो. दोन दिवसांत गाडी उभी करून देतो," अक्षय म्हणाला. "क्लेमच लढवायचा असेल, तर कंपनीचा माणूस येऊन पाहून जाईपर्यंत मला गाडीला हात लावता येत नाही."

"कवा येते तो?"

"या आठवड्यात म्हणत होते. आता पुढच्या म्हणून राह्यले."

पुढचा आठवडा हिरासिंगला परवडणारा नव्हता. पण चारचौघांत बोललेला शब्द गिळायचा कसा? गाडी वॉरंटीत, चूक कंपनीची, मग आपण कायले भरायचं? "येऊ द्या त्याले," तो म्हणाला, आणि मागच्या शेडमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या आपल्या पांढऱ्या गाडीकडे न पाहताच बाहेर पडला.

ती गाडी त्यानं मिरवायला घेतली नव्हती. त्याच्या वडिलांची, भावसिंगची, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनला लावावं लागे. तांडा घाटंजीच्याही पुढं, फाट्यापासून आत. एसटीची पायरी म्हाताऱ्याला चढवत नसे, आणि मशीनवरून उतरल्यावर तर मान धरून बसवावं लागे. म्हणून गाडी. ती बंद पडली तो नेमका शुक्रवार होता आणि त्या दिवशीची पाळी बुडाली. पुढच्या मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारच्या उत्तमसिंगच्या जीपनं कसंबसं निभावलं. नंतर लग्नसराई लागली. उत्तमसिंगची जीप काय, घाटंजीतलं प्रत्येक चाक वऱ्हाडाला बांधलं गेलं. काल, मंगळवारी, पुन्हा पाळी बुडाली.

दवाखान्यातल्या सिस्टरनं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "भाऊ, इथं पंधरा माणसं नंबर लावून बसले आहेत. शुक्रवारी नाही आले तर मला ती जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. माझ्या हातात नाही."

आज बुधवार होता.

हिरासिंग घरी पोचला तेव्हा भावसिंग ओसरीवर उशांच्या ढिगाला टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास अडायचा. पाय सुजून तकाकत होते. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे ते ओठ नुसतेच ओले करत होते. हिरासिंगनं बापाकडे पाहिलं आणि शोरूममधला सगळा आवेश ओसरून नुसती भीती उरली. हा माणूस शुक्रवारपर्यंत काढेल का?

त्याची आई जमनी चुलीपाशी लापसी ढवळत होती. गुळाचा वास सुटला होता. तिनं मान वर न करता विचारलं, "आली का रे गाडी?"

"नाई याडी. वेळ हाये."

"तिथं तिले खायले कोन देते?"

"कोनाले?"

"गाडीले." जमनीनं आता मात्र वर पाहिलं. "दोन आठवडे झाले, उपाशी उभी असंन बिचारी. मी तं म्हणते, म्हणूनच चालू नाई होऊन राह्यली."

हिरासिंगला आधी हसू आलं. मग ते ओठातच वाळलं. "याडी, तू गाडीले खायले देत होती?"

"नाई तं का?" जमनीला प्रश्नच कळेना. "माह्या सासऱ्याच्या लदेणीचे बैल होते. पाठीवर गोण्या वाहेत. पहिला घास बैलाचा, मंग आपला, असं सासू सांगे. ओझं वाहणारा उपाशी राह्यला तं धन्याले अन्न लागत नाई. ही तं माह्या माणसाचा जीव वाहून नेते. तूच नाई का म्हणाला, ते झाकण म्हणजे तिचं तोंड? मंगळवारी-शुक्रवारी पहाटे तू आंघोळीले गेला की मी झाकण उचलो अन् आत, मागच्या कोपऱ्यात, लापसीचा गोळा ठेवो. दुसऱ्या खेपेले पाह्यलं तं सफाचट! लई आवडीनं खाये."

लदेणीचा, बैलांवर माल लादून नेण्याचा धंदा तिच्या सासऱ्याबरोबरच संपला होता. बैल गेले, गोण्या गेल्या, माणसं शेती करू लागली. पहिला घास तेवढा राहिला होता, आणि त्याला खाणारं तोंड मिळालं होतं.

आणि गाडी रात्री उभी राहायची ती कापसाच्या कोठ्यात. यंदाचा कापूस अजून तिथंच पडून होता. शेजारी कोमट इंजिन, त्यात गुळाची लापसी. उंदरांनी आणखी काय मागावं? मांजरी तरी कशाला हलतील. त्यांनाही रोज दूधभात होता. फोटोतला बोळा, बॅटरीमागचं ते गूळचट, सगळं हिरासिंगच्या डोळ्यांपुढं धडधडीत उभं राहिलं आणि त्याच्या मस्तकाची शीर तडकली.

"याडी, तुले काही समजते का! तुह्या त्या..."

"हिरा!" ओसरीवरून भावसिंगनी हाक मारली. एवढा आवाज त्यांच्यात उरला असेल असं वाटलं नव्हतं. "उचल मले जरा. खाली घसरलो."

हिरासिंग धावला. बापाला काखेत धरून वर ओढू लागला, तशी म्हाताऱ्याची बोटं त्याच्या मनगटावर आवळली.

"तिले नको सांगू," भावसिंग हळूच म्हणाले.

"बा, तुमाले ठाऊक होतं?"

"मी खिडकीतून पाहो ना तिले, झाकण उचलताना. तू उंदराचं भांडण घरी आणलं तवाच समजलं."

"मंग मले तरी सांगाचं! एवढे दिवस गेले!"

"तू ओरडला असता. आता ओरडत होता तसाच." ते श्वासासाठी थांबले. "उद्या मी गेलो, तं ती म्हणंन, मीच मारलं म्हाताऱ्याले. मरेलोक म्हणत राहीन. माह्यामागं तिले तेवढंच काम नको देऊ."

हिरासिंगनं बापाच्या पाठीमागं उशी सारखी केली. त्याला आईचा राग आला होता, बापाचा आला होता, आणि या दोघांहून जास्त स्वतःचा. उंदीर कंपनीचे की आपले, या भांडणात त्यानं बापाचे दिवस खर्ची घातले होते. तो उठला, कोठ्यामागं गेला आणि अक्षयला फोन लावला.

"भाऊ, क्लेम मागं घ्या. उंदीर आमचेच हायेत."

मिशीचा विषय अक्षयनं काढला नाही, आणि तेच हिरासिंगला जास्त लागलं. "पहिल्याच दिवशी म्हटलं असतं भाऊ, तर गाडी मागच्या आठवड्यातच नेली असती तुम्ही," तो एवढंच म्हणाला. "आत्ता मागवतो. शुक्रवारी सकाळी जोडून देतो."

शुक्रवारी पहिल्या एसटीनं हिरासिंग यवतमाळला पोचला, तर सामान अजून नागपूरच्या गाडीतून उतरायचं होतं. ते उतरलं, मेकॅनिक आला, वायरी जोडू लागला आणि तेवढ्यात बायकोचा, शीलाचा फोन आला. "बा बोलून नाई राह्यले. नुसते पाहून राह्यले. छातीत घरघर हाये." हिरासिंगनं सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, "दोनपर्यंत जागा धरते. त्यानंतर नाही." तो मेकॅनिकच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. मेकॅनिकनं पाना खाली ठेवला. "भाऊ, तुमी इथं उभे राह्यले तं माह्या हाताले कापरं सुटते." हिरासिंग फाटकापर्यंत गेला आणि परत आला. गेला आणि परत आला. शेवटी गाडी सुरू झाली, तेव्हा त्याला धड आनंदही होईना. तांड्यावरून बापाला घेऊन परत येताना रस्त्यात दोन वराती आडव्या आल्या. दुसऱ्या वरातीतल्या नवरदेवाच्या घोड्याला त्यानं हॉर्न देऊन बुजवलं आणि शिव्या खाल्ल्या. खाल्ल्या तर खाल्ल्या.

दोनला थोडा वेळ उरला असताना भावसिंग मशीनला लागले. सिस्टर रागावली, पण जागा तिनं धरली होती. तासाभरानं घरघर थांबली. काचेपलीकडे म्हाताऱ्याच्या तोंडावर जरा माणसाचा रंग आला, तेव्हा कुठं हिरासिंग भिंतीला टेकला.

बाजूच्या बाकावर जमनी बसली होती. सगळा रस्ताभर तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. आता तिला बोलायला सवड झाली.

"का रे हिरा, का झालतं शेवटी गाडीले?"

शोरूममध्ये हात आपटून जे खोटं तो खरं समजून बोलला होता, तेच आता त्याला पुरतं जाणून बोलायचं होतं.

"कंपनीची चूक होती याडी," तो म्हणाला. "वायर हलकी लावली होती त्यायनं."

"मले वाटलंच!" जमनी ताडकन सरळ बसली. दोन आठवड्यांची भीती तिच्या तोंडून बाहेर पडू लागली. "अरे मुडदे हो, माह्या माणसाचा जीव जाऊन राह्यला होता! ज्यानं हे केलं त्याच्या हाताले किडे पडो!"

"जाऊ दे याडी."

"काहून जाऊ देऊ? त्याच्या चुलीत जाळ न राहो!"

बाकांवरची माणसं पाहू लागली. जमनीचा शाप सहसा रिकामा जात नाही, असं तांड्यातल्या बाया म्हणत. हिरासिंगनं या गोष्टीवर कधी विश्वास ठेवला नव्हता. काचेपलीकडे भावसिंगनी डोळे उघडले होते आणि ते बायकोकडे पाहत होते.

"ज्यानं माह्या नवऱ्याच्या वाटेत काटा टाकला," जमनीनं हात वर उचलला, "त्याच्या घरचं कुंकू..."

हिरासिंगनं झटकन तिच्या तोंडावर हात दाबला.