मिशीच्या खाली

धुक्यामुळे गाडी चारबागला पोचली तेव्हा सकाळ सरत आली होती. मधुसूदन खैरनार बायकोसह फलाटावर उतरले ते दाढीचे खुंट खाजवतच. धुळ्याहून निघाल्यापासून वस्तरा लागला नव्हता आणि संध्याकाळी तर व्याही यायचे होते. म्हणजे व्हायचे असलेले व्याही. मुलगा अभिजित इथे लखनौला बँकेत होता. त्याने मुलगी स्वतःच पसंत केली होती, अमृता कवठेकर. ती औषध संशोधनाच्या संस्थेत कामाला होती, आणि तिचे वडील रेल्वेत मोठे इंजिनियर. आज दोन्ही घरं पहिल्यांदा समोरासमोर बसणार होती.

"अप्पा, पाच मिनिटांचं काम आहे," जानकीपुरमच्या घरात शिरता शिरता अभिजित म्हणाला. "माझा ट्रिमर घ्या, फिरवा आणि मोकळे व्हा. न्हाव्याकडे जाऊन बसायचं, नंबर लावायचा, त्याच्या गप्पा ऐकायच्या! आता कोण जातं दाढीला सलूनमध्ये?"

"मी जातो," मधुसूदन म्हणाले. "आपली दाढी आपणच करायची म्हणजे आपली पाठ आपणच चोळायची. होतं काम, पण सुख नाही."

एसटीत कंडक्टर म्हणून लागलेला हा माणूस वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाला होता. धुळ्यात त्यांचा न्हावी ठरलेला, खुर्ची ठरलेली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मुख्य ऐवज होता तो मिशीचा. चांगली घसघशीत, टोकांना जराशी वळलेली. ती ठेवण्यामागेही कारण होतं. बाविसाव्या वर्षी शिरपूरच्या गाडीवर ड्यूटी लागली तेव्हा चेहरा इतका कोवळा होता की बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या "ए पोरा, बाजूला सर, कंडक्टरला येऊ दे" म्हणायच्या. त्याच महिन्यात त्यांनी मिशी राखली. मग म्हाताऱ्या गुपचूप तिकीट काढायला लागल्या. पद्माबाई लग्न होऊन घरी आल्या त्या मिशीनंतर, त्यामुळे नवऱ्याचा वरचा ओठ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

चहा घेऊन मधुसूदन बाहेर पडले. दोन गल्ल्या ओलांडल्यावर बाजारात एक दुकान दिसलं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, बाहेर दोरीवर वाळत घातलेले टॉवेल आणि दारापर्यंत आलेलं थंडीतलं कोवळं ऊन. न्हाव्याचं नाव इश्तियाक. चाळिशीचा, तोंडात पान, बोलणं मधाळ.

"आइए चचा, तशरीफ़ रखिए. आज तो धूप निकल आई, क़िस्मत अच्छी है आपकी."

मधुसूदन बसले. मानेमागे उशी आली, गळ्याभोवती कापड आलं. त्यांचं हिंदी आयुष्यभर एसटी स्टँडवरच्या परप्रांतीय प्रवाशांशी बोलून कमावलेलं होतं. त्यात आत्मविश्वास भरपूर होता, बाकी सगळं जेमतेम. तरी एक गोष्ट सांगायची राहायला नको म्हणून त्यांनी डोळे मिटण्याआधी बोट मिशीकडे नेलं. खालच्या कडेचे केस वाढून ओठावर आले होते आणि चहात बुडत होते.

"देखो भैया, मूछ के खाली साफ करना."

इश्तियाकचा ब्रश हवेतच थांबला. "मूँछ… ख़ाली?"

"हाँ, खाली. एकदम साफ. चाय में जाता है."

"सोच लीजिए चचा. इतनी शानदार मूँछ है."

"इसी लिए बोलता है! साफ करो."

गिऱ्हाईकाचा हुकूम. इश्तियाकने मान डोलावली आणि गरम पाण्यात ब्रश बुडवला.

त्यानंतरचं सुख काय वर्णावं! फेस गालांवर चढत गेला, ऊबदार, दाट. दोन रात्री बर्थवर आखडलेली मान उशीवर सैल पडली. वस्तरा कानाजवळून गळ्यापर्यंत सरसर उतरत होता. इश्तियाक कुणाच्या तरी पतंगाची गोष्ट सांगत होता. तिच्यातलं निम्मं कळत होतं आणि उरलेलं निम्मं कळण्याची गरज वाटत नव्हती. मधुसूदन झोप आणि जाग यांच्या मधल्या फळीवर आडवे झाले. ओठाच्या वरही काहीतरी थंडगार फिरल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यासाठी डोळे कोण उघडणार?

तुरटी लागली, गार पाण्याचा फवारा बसला आणि टॉवेल निघाला.

"लीजिए चचा, दस साल छोटे हो गए!"

मधुसूदननी आरशात पाहिलं. आरशात एक अनोळखी इसम होता. नाक त्यांचं होतं, चष्म्याचे वळही त्यांचेच, पण मध्ये एक पांढराफटक, उघडाबोडका पट्टा, जणू भिंतीवरची तसबीर काढल्यावर उरलेली जागा. त्यांनी हात वर नेला. बोटांना काहीच लागेना.

"मूछ?" एवढाच शब्द फुटला. "मेरा मूछ?"

"आप ही ने तो फ़रमाया था…" इश्तियाकच्या चेहऱ्यावरचं हसू ओघळलं.

मधुसूदन उठले. त्यांना ओरडायचं होतं. मराठीत असतं तर त्यांनी त्या माणसाची बिनपाण्याने केली असती, पण हिंदीत राग कसा काढायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. "मैं क्या बोला! तू क्या किया!" यापलीकडे गाडी जाईना. शेवटी त्यांनी अभिजितला फोन लावला आणि घडलेलं सांगितलं. त्याने विचारलं, "अप्पा, तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

"मूछ के खाली साफ कर. सरळ तर आहे!"

पलीकडे पोरगा हसायला लागला तो थांबेचना. "अप्पा… हिंदीत खाली म्हणजे रिकामं! खाली म्हणायचं तर 'नीचे' म्हणतात. तुम्ही त्याला मिशी रिकामी करून साफ करायला सांगितलीत!"

मधुसूदननी फोन इश्तियाकच्या हातात दिला. अभिजितने त्यालाही समजावलं. ऐकता ऐकता इश्तियाकने दुसऱ्या हाताने आपला कान धरला, मग फोन खांद्यात अडकवून दोन्ही कान धरले आणि मधुसूदनपुढे उभा राहिला.

"चचा, अल्लाह क़सम, मैंने दो बार पूछा था."

त्याचा पडलेला चेहरा पाहून मधुसूदनना राग धरून ठेवणं जमेना. त्याने विचारलं होतं, हे खरंच होतं. ते एवढंच म्हणाले, "गलती मेरा जीभ का." आणि मफलर नाकापर्यंत ओढून घरी निघाले.

दार पद्माबाईंनी उघडलं. "आलात? आंघोळीला पाणी…" मफलर खाली आला आणि त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला. पुष्कळ प्रयत्न करूनही पदरातून हसू फुटलंच, आणि मग त्या भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"हस, हस," मधुसूदन म्हणाले. "संध्याकाळी व्याह्यांना काय तोंड दाखवू?"

"हेच," पद्माबाई कशाबशा म्हणाल्या. "आता दुसरं कुठे आहे?"

अभिजितने आत येऊन एकदा बापाकडे बघितलं. "मी म्हणत होतो ना, ट्रिमर घ्या."

"तू गप रे," मधुसूदन म्हणाले. "दाढी त्याने झकास केलीय. हात लावून बघ, लोणी! भाषा माझी चुकली, त्याचा वस्तरा नाही चुकला." बोलले खरे, पण दुपारभर ते आरशाच्या वाटेला गेले नाहीत. पद्माबाई धुळ्याहून आणलेली वांगी भाजत बसल्या होत्या. त्या मधूनच मान वळवून नवऱ्याकडे बघत आणि पुन्हा वांग्यांकडे वळत.

पाचच्या सुमारास बेल वाजली. अभिजित मिठाई आणायला गेला होता, म्हणून दार मधुसूदननीच उघडलं. बाहेर कोट घातलेले ताठ गृहस्थ, शेजारी त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई आणि मागे अमृता. कवठेकरांनी व्हॉट्सॲपवर व्याह्यांचा फोटो पाहिलेला होता, मिशीसकट.

"नमस्कार," विश्वासराव कवठेकर अदबीने म्हणाले. "खैरनार साहेब आहेत का घरात?"

मधुसूदन गोंधळले. "आहेत. म्हणजे… मीच."

कवठेकरांनी त्यांच्याकडे पाहिलं, दारावरच्या पाटीकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "आपण त्यांचे बंधू का?"

आतून पद्माबाईंच्या हसण्याचा आवाज आला.

पाहुणे बसले, पण बैठक काही जमेना. कवठेकर कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसले होते. हवा, गाड्यांचा उशीर, बँकेतल्या बदल्या, एकेक विषय निघायचा आणि दोन वाक्यांत संपायचा. आपल्या उघड्या ओठाकडे सगळे पाहताहेत असं मधुसूदनना वाटत होतं, आणि ते खरंही होतं. शेवटी त्यांच्याच्याने राहवेना. ताट समोर सारत ते म्हणाले, "हे बघा, आधी मिशीचं सांगून टाकतो. नाहीतर भरीत कुणाच्या घशाखाली उतरायचं नाही."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, ब्रश हवेत थांबला तिथपासून कान धरलेल्या इश्तियाकपर्यंत. 'मूछ के खाली' आलं तेव्हा अमृता ओठ चावून खाली बघायला लागली. सुनेत्राबाईंनी रुमाल काढला. कवठेकर मात्र निश्चल बसले होते. मधुसूदनना वाटलं, संपलं. साहेबाला पोरकटपणा वाटला.

तेवढ्यात कवठेकरांनी कोटाचं बटण सोडलं.

"मी इथे नवा होतो तेव्हाची गोष्ट," ते म्हणाले. "वर्कशॉपमधल्या दोन फिटरांची मारामारी झाली. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, दोनों का राजीनामा करा दो. मी गेलो, दोघांना समोर बसवलं आणि दम देऊन दोघांचेही राजीनामे लिहून घेतले. साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले."

"मग?"

"मग काय! इथे राजीनामा म्हणजे समेट. साहेबांना त्यांच्यात तडजोड हवी होती. मी दोघांना नोकरीवरूनच घालवायला निघालो होतो!"

सगळे एकदमच हसले. कवठेकरांचं हसू विचित्र होतं. आधी खांदे हलायचे आणि आवाज उशिरा यायचा.

"पापा, ये आपने कभी नहीं बताया!" अमृता म्हणाली.

"कुणाला सांगणार? ते फिटर तर बाहेर गळ्यात गळा घालून रडत बसले होते. तेव्हाच त्यांचा समेट झाला."

अभिजित मिठाईचा डबा घेऊन आला तेव्हा कवठेकरांचा कोट खुर्चीच्या पाठीवर होता आणि ते बोटाने भरीत निपटून दुसऱ्यांदा मागत होते. लग्नाचं बोलणं निघालं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही फारसं करावं लागलं नाही. मे महिना ठरला.

निघताना कवठेकर दारात थांबले. मधुसूदनच्या गालाकडे निरखून पाहत म्हणाले, "दाढी मात्र फार सुंदर झालीय हो. मी इतकी वर्षं लखनौत आहे, पण सकाळी उभ्याउभ्या घरीच उरकतो. न्हाव्याकडे दाढीला कधी बसलोच नाही."

"उद्या रविवार आहे," मधुसूदन म्हणाले. "या. आता मला 'नीचे' येतं."

पाहुणे गेल्यावर पद्माबाईंनी भांडी आवरली आणि हात पुसत नवऱ्याच्या समोर येऊन बसल्या. त्यांनी निरखून त्यांच्या ओठाकडे पाहिलं.

"काय?"

"ते राजीनाम्याचं ऐकताना तुम्ही हसलात ना, तेव्हा तुमचा वरचा ओठ एका बाजूने दुमडला. आपल्या अभिजितसारखा. मला वाटायचं, पोराने हे कुणाकडून उचललं कोण जाणे." त्या उठता उठता म्हणाल्या, "इतक्यात परत ठेवू नका."

मधुसूदननी ओठावरून बोट फिरवलं. सकाळी जी जागा ओसाड वाटली होती, ती आता नुसतीच गार लागली.

दुसऱ्या दिवशी दोघे व्याही इश्तियाकच्या दुकानात हजर झाले. मधुसूदनना पाहताच इश्तियाकने खुर्ची दोनदा झटकली. कवठेकर बसले. त्यांना मिशी नव्हतीच, तरीही इश्तियाकने गाल, गळा, कल्ले, एकेका ठिकाणी बोट ठेवून खातरजमा करून घेतली आणि मगच फेस लावला. उलटा वस्तरा गळ्यावर येईपर्यंत कवठेकरांचे हात खुर्चीच्या दांड्यावरून घसरून मांडीत पडले होते. तुरटी लागली तेव्हा ते मंदपणे घोरत होते.

इश्तियाकने मधुसूदनकडे पाहिलं आणि विचारलं, "जगाऊँ?"

"नहीं, नहीं," मधुसूदन दबक्या आवाजात म्हणाले. "तुम मेरा करो. दूसरा कुर्सी पे. और मूछ का…" ते थांबले, नीट शब्द जुळवले. "मूछ अभी नहीं रखना."

दोन्ही गालांवर फेस चढलेला असतानाच खिशातला फोन वाजला. पद्माबाईंचा होता.

"अहो, किती वेळ? पोहे गार होताहेत!"

"व्याह्यांना झोप लागलीय," फेस फोनला लागू नये म्हणून मान तिरपी करत मधुसूदन म्हणाले. "ते उठले की येतो."