पाहुण्यांच्या सोफ्याखालची मॅट

मी रत्नागिरीतल्या एका शाळेची जिम्नॅस्टिकची मॅट बोलतेय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं फिरलंय.

जन्म म्हणाल तर कारखान्यातला. पोटात जाड फोम, वर निळं रेक्झिन. टेम्पोतून शाळेत उतरले तेव्हा खेळाच्या शिक्षिका राजश्री मॅडम सगळ्यांदेखत माझ्यावर धपकन पडल्या आणि हसत बसल्या. "आधी पडायला शिका," त्या मुलींना म्हणाल्या. "उडायचं नंतर बघू."

माझ्यावर सगळ्यात जास्त पडली ती दीपाली, मिरकरवाड्याची. वडील ट्रॉलरवर, आई गोदा बंदरावर मासळी विकते. सुरुवातीला पोर बटाट्याचं पोतं टाकावं तशी आदळायची. पुढे उलट्या उडीतूनही तिची पावलं इतकी अलगद यायची की मला पत्ता लागायचा नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीत ती नाव काढणार, हे शाळेत सगळे धरून चालले होते. मला तिचा अभिमान होता, तो कशाला लपवू?

तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांच्या डोक्यात चिअर पथकाचं खूळ शिरलं. टीव्हीवरच्या क्रिकेटला नाचणाऱ्या मुली असतात, मग आपल्या आंतरशालेय सामन्यांना का नकोत? चमचमते झगे शिवले, हातात रंगीत गोंडे आले. नुसता नाच फिका वाटला म्हणून जिम्नॅस्टिकच्या मुलींना त्यात ओढलं. तिघींच्या खांद्यावर चौथी, वरून उलटी उडी, खाली झेल.

राजश्री मॅडमनी एकच अट घातली. "सर, हे जिम्नॅस्टिकच आहे. मॅटशिवाय एकही मुलगी वर जाणार नाही."

अध्यक्ष "हो हो" म्हणाले. त्या "हो हो"ची किंमत मला सामन्याच्या दिवशी कळली.

मैदान जांभ्या दगडाचं, खडबडीत, वर तांबडी धूळ. मांडवात पाहुण्यांचा सोफा डगमगायला लागला. पाहुणा डगमगला तर शाळेचं नाक जातं, मुलगी पडली तरी चालतं, अशी आपली रीत. मला उचललं आणि सोफ्याखाली अंथरलं. माझ्यावर शाल-श्रीफळ झालं, बूट पुसले गेले, कुणीतरी चहा सांडला. राजश्री मॅडम धावत आल्या आणि मॅट मागू लागल्या.

"आता काय पाहुण्यांना उठवू?" अध्यक्ष हसत म्हणाले. "आणि फोटोत ती निळी गोधडी कशाला? पोरी रोज करतात ना?"

मॅडम मुलींना थांबवायला वळल्या, तोवर गाणं लागलं होतं. मला मांडवातून सगळं दिसत होतं. दीपाली वर चढली, तिने उडी घेतली. झेलणाऱ्या एकीचा पाय धुळीत घसरला. दीपाली जांभ्यावर उजव्या हातावर आली. मी चार पावलांवर होते, आणि माझ्यावर माणसं सामोसे खात बसली होती. ते आठवलं की अजून माझा संताप होतो.

हात मोडला, निवड चाचणी गेली. दुसऱ्या दिवशी गोदा शाळेत आली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "जिम्नॅस्टिक धोक्याचंच हो. आम्ही बंद करतोय."

"जिम्नॅस्टिक नाय धोक्याचा," गोदा म्हणाली. "माझ्या पोरीची गादी तुमी बुडाखाली घेतलीत, त्याचा काय ता बोला."

अध्यक्ष घड्याळ बघत उठले. जिम्नॅस्टिक बंद झालं. मॅडमना मैदानावरून काढून वर्गांवर घातलं, मला अडगळीच्या खोलीत टेकवून ठेवलं. चिअर पथक मात्र चालू आहे, त्याचे फोटो छान येतात. दीपालीच्या जागी पाचवीतली श्रद्धा घेतलीय. का, तर वजनाला हलकी. तिला पडायला कुणी शिकवलेलं नाही.

आत्ता बाहेर त्यांचा सराव चालू आहे. आणि इथे दार ढकलून दीपाली आत आलीय. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने ती मला ओढतेय. उंबऱ्यापर्यंत आणलंय तिने मला, घामाघूम झालीय. तिकडे श्रद्धा खांद्यावर चढायला लागली.

"दुसरा टोक धरा गो कोणीतरी," दीपाली हाका मारतेय.

मी जड आहे हो. एका हाताने नाही हलत. नुसतं ऐकत काय बसलात, उठा आणि धरा.