मीटरवाल्याचे थांबे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मीटरवाल्याने दाढी केली, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारली, विजेरीतले सेल काढून पुन्हा बसवले आणि झाकणे उचकटायची सळई पिशवीत ठेवली. मग आज रजा आहे हे आठवून त्याने पिशवी खुंटीला लावली. दोन मिनिटांत ती पुन्हा काढली.

"अहो, बसा बघू एका जागी," बायको म्हणाली. "तुमच्या येरझाऱ्यांनी माझेच पाय दुखायला लागले."

दहा वाजता डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायचे होते. ओटीपोटातून पायांकडे जाणाऱ्या त्याच्या दोन्ही रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. डावी जवळजवळ बंदच. एक उपाय पोट उघडून कृत्रिम नळी जोडण्याचा. त्यात दहाएक दिवस रुग्णालय, महिनोन्‌महिने विश्रांती, आणि अगोदरच दुबळ्या हृदयाला धोका. पण काम पुष्कळ वर्षे टिकण्याची शक्यता अधिक. दुसरा उपाय जांघेतून बारीक नळी सरकवून स्टेंट बसवण्याचा. एक-दोन दिवसांत घरी येता येणार होते. मात्र वाहिनी पुन्हा अरुंद होऊ शकत होती, म्हणून तपासण्या कायमच्या मागे लागणार होत्या.

दुखणे उशिरा सापडले ते त्याच्या कामामुळे. पाण्याचे मीटर वाचताना दर साठ-सत्तर पावलांवर तो थांबे, वाके, आकडा टिपे; तेवढ्यात नितंबातली कळ निवे. "चालण्याचा त्रास नाही, दिवसभर चालतो," असे त्याने पहिल्या डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितले होते आणि दुखणे कमरेचे समजून वर्षभर इमानेइतबारे कमरेचे व्यायाम केले होते.

"उघडू दे पोट एकदाचं," तो म्हणाला. "सारखं कोण जाणार दाखवायला?"

"नळी टिकेल हो वीस वर्षं. तिच्याभोवतीचा माणूस?"

रिक्षा नको म्हणून तो बायकोबरोबर हट्टाने चालत निघाला. पहिला चौक ओलांडताच मांडी भरून आली. तो एका बंद दुकानाची पाटी निरखू लागला.

"इथं कुणाचा मीटर आहे?" बायकोने विचारले.

"दुखतंय गं." भर रस्त्यात हे तो प्रथमच बोलला.

दोघे दुकानाच्या पायरीवर टेकले. त्याचा हात गुडघ्यावर सारखा ताल धरत होता.

"दर दोन महिन्यांनी तुम्ही लोकांच्या दारी जाता," ती म्हणाली. "एकदाच वाचा, पुन्हा येऊ नका, असं म्हणतं का कुणी?"

"म्हणतात की! कुत्रंसुद्धा सोडतात."

"मग ऐकता त्यांचं?"

"नाही." तो हसला, मग गंभीर झाला. "पण मग जन्मभर रोगी म्हणूनच जगायचं."

"जगायचं ना? मला तेवढं पुरे."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"स्टेंट बंद पडला तर पोट उघडायची वाट राहते?"

"बहुतेक राहते. पण शब्द देत नाही. आणि सिगारेट सुटली नाही, तर दोन्हींची माती."

त्याने खिशातले सिगारेटचे पाकीट काढून बायकोकडे दिले. स्टेंटचे संमतीपत्रक ओळ न ओळ वाचले, सही केली आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून पेन तिच्या हाती दिले. परिचारिका रक्ताचा नमुना घ्यायला आली, तेव्हा काही न विचारता त्याने बाही वर केली.